तारीख गेलेल्या रव्याचा शिरा

आमच्या घरात बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख कोणी वाचत नसे, कारण ती गेलेली आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं. माझी पोरं पुडा फोडायची, आधी हुंगायची, मग माझ्या तोंडाकडे पाहायची. मी मान हलवली की तोंडात टाकायची. शेजारी पाहुणी म्हणून गेली तरी बशीतलं बिस्कीट नाकाला लावायची आणि माझ्या बायकोला, रुकय्याला, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पोरांना काय हे मांजरासारखं वळण लावलं तुम्ही," म्हणून ती माझ्यावर चिडायची. आता धंदाच तसा होता, त्याला मी काय करू?

मी अकोल्याच्या एका एजन्सीत आयुष्य काढलं. कंपन्यांची बिस्किटं, रवा, शेवया, दूध पावडर, वनस्पती तूप असा माल आमच्या गोदामात यायचा आणि आमचे सेल्समन तो दुकानोदुकानी पोचवायचे. सेल्समन गेला की दुकानदार त्याला चहा पाजायचा. त्याच्या मागून मी जायचो, विकला न गेलेला, तारीख उलटलेला माल वापस आणायला. मला बघून दुकानदाराचं तोंड कडू कारलं व्हायचं. अशा मालाला बाजारात 'डेट बार' म्हणतात, म्हणून मी डेट बारवाला. शेख बशीर हे नाव फक्त रेशनकार्डावर राहिलं.

या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं, "बशीरभाई, तुमच्या कामात लिहिण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, बापा, तुम्ही जेवता की नाही? मग तुमच्याच घरातली गोष्ट आहे. डब्यातली चीज खायची की फेकायची, यावरून ज्या घरात भांडण झालं नाही ते घर मला दाखवा. सासू म्हणते चांगलं आहे, सून म्हणते तारीख गेली, आणि नवरा पेपर तोंडासमोर धरून बसतो.

तर आधी तारखेचं सांगतो. पुड्यावर जे 'अमुक महिन्यांच्या आत उत्तम' असं लिहिलेलं असतं, ती चवीची तारीख. तोपर्यंत आमचं बिस्कीट कुरकुरीत राहील, एवढाच कंपनीचा शब्द. दुसऱ्या दिवशी त्यात विष कालवायला कोणी येत नाही. पण काही मालावरची तारीख जिवाची असते. तान्ह्या लेकराच्या खाण्याचा डबा असला आणि तारीख एका दिवसानं जरी गेली असली, तरी मी तो कधी पास केला नाही. बायांनी हातापाया पडून मागितला तरी दिला नाही. तिथे माझं नाक, माझी जीभ, माझा अनुभव, सगळं गेलं चुलीत.

बाकीच्या मालाची परीक्षा वेगळी. डबा फुगला असेल तर तारीख पुढच्या वर्षाची असली तरी फेका, वास घ्यायच्याही भानगडीत पडू नका. शेंगदाण्यावर हिरवट बुरशी दिसली तर भाजून, सोलून, तिखट लावून काही होत नाही, तेही फेका. तेला-तुपाचा माल खवट होतो, तो नाक सांगतं. रव्यात किडे आणि जाळ्या होतात, त्या डोळे सांगतात. पण काही खराबी अशी असते की ती नाकालाही कळत नाही आणि डोळ्यालाही नाही. म्हणून नाकावर भरवसा ठेवा, पण घमेंड ठेवू नका. मी ठेवायचो थोडी, ते सोडा.

माणसंही एकेक भेटली. अमरावतीत एका दुकानदाराच्या बहिणीनं मला मुद्दाम घरी बोलावलं. बाईंनी तारीख गेली म्हणून मिठाचा पुडा फेकला होता. मीठ! जे समुद्रात किती वर्षं पडून होतं कोणाला ठाऊक, ते यांच्या कपाटात येऊन खराब झालं. आणि फ्रीज उघडला तर कधीचा वरणभात, कधीची कोशिंबीर, एका वाटीत काहीतरी निळसर. मी विचारलं, "ताई, हे?" तर म्हणाल्या, "ते चांगलंय, फ्रीजमध्ये आहे ना!" त्या घरात देवाच्या खालोखाल फ्रीजवर श्रद्धा होती. मी चहा बिनदुधाचा मागितला.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका महाभागानं तर डोकंच लढवलं. पुड्यांवरच्या तारखा त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाकल्या. तारीख गेली, पण बिस्किटाला रॉकेलचा वास लागला. गिऱ्हाईक बोंबलत आलं तर हा म्हणतो, "नवीन फ्लेवर हाये!" मी गेलो तेव्हा दुकानात माचीस पेटवायचीही भीती वाटत होती. आणि सेमाडोहला आमच्या गाडीचं मागचं फळकं उघडं राहिलं, तर वानरांनी डेट बारचं पोतं पळवून नेलं. आमचा ड्रायव्हर मोतीराम दगड घेऊन धावला. मी म्हटलं, "अबे राहू दे, कंपनीनं नाही म्हटलं, त्यांनी पास केलं."

हसतो आहे मी, पण ती वर्षं हसण्यासारखी नव्हती. कापसाची लागोपाठ वाईट वर्षं. पेपरात काय काय छापून यायचं ते तुम्ही वाचलं असेल, मला ते पेपर वाचायच्या आधी गाडीत कळायचं. वर्ष बरं असलं की मी अर्धी गाडी रिकामी घेऊन वापस यायचो. कापूस बुडाला की गाडी भरून यायची. आधी वापस यायचं क्रीमचं बिस्कीट, कारण लोक आधी लेकरांचे लाड सोडतात. मग चहापत्तीचा मोठा पुडा यायचा, लोक लहान पुडीवर आलेले असायचे. आणि दिवाळीनंतर रवा-मैदा वापस यायला लागला की मला समजायचं, यंदा गावात करंजी झाली नाही. मोतीराम गाडी चालवताना गाणी म्हणायचा, पण रव्याची पोती चढली की तो गप्प बसायचा. मलाही फार वाईट वाटायचं. लोकांच्या न झालेल्या सणाचं ओझं आम्ही अकोल्याला नेत होतो, आणि तिथे ते खड्ड्यात घालत होतो. त्यातलं जे चांगलं असेल ते एजन्सीच्या शेठच्या परवानगीनं माझ्या घरी जायचं.

आता गुलाबरावांची गोष्ट. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात त्यांचं किराणा दुकान, मागे घर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी कामात नवा होतो आणि अंगात रग होती. फळीवर वनस्पती तुपाचा एक पत्र्याचा डबा दिसला. तारीख वाचली तर माझ्या लग्नाच्याही आधीची! गुलाबराव बाहेर कोणाशी बोलत होते. मी डबा उचलला आणि सरळ गाडीत फेकला. आतून त्यांच्या बायको, सुमनबाई, पदर खोचून धावत आल्या.

"ओ भाऊ! माह्या कुरड्या काहून घेऊन चालले?"

वऱ्हाडात डबा म्हणून कोणी फेकत नाही, हे मला, अकोल्यात वाढलेल्या माणसाला, कळायला नको होतं का? तूप संपतं, डबा राहतो. त्यात कुरड्या, पापड, लाडू, डाळ, लेकरांच्या गोट्या, काय वाटेल ते राहतं. डब्यावरची तारीख डब्याची, आतल्या चीजेची नाही. सुमनबाईंनी माझ्यासमोर झाकण उघडलं, कुरड्या मोजल्यासारख्या पाहिल्या आणि मग त्यातल्याच तळून खाऊ घातल्या. तेव्हापासून त्या गावात माझं तोंड बघून कोणाचं तोंड कडू झालं नाही.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतो, त्या वर्षी गुलाबरावांनी दिवाळीसाठी रव्याचे खोकेच्या खोके भरले होते. कापूस वेचून झाला, पण हातात काही आलं नाही, आणि रवा दुकानात तसाच राहिला. त्या वर्षापासून आमच्या कंपनीनं रवा वापस घेणं बंद केलं होतं, फक्त बिस्किटं घ्यायची. उन्हाळ्यात त्याची तारीख गेली. आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मोठ्या मुलीचं, कल्पनाचं, लग्न ठरलं. नवरदेव चांदूर रेल्वेकडचा.

गुलाबराव मला म्हणाले, "बशीरभाई, हा रवा विकत नाई मी, गिऱ्हाइकाले देत नाई. पण अन्न हाये, उकिरड्यावर कसा टाकू? लग्नात आपल्या गावच्या लोकांले शिरा करतो. तुमी पाहून द्या."

मी म्हटलं, "पाहतो. पण लोकांना सांगायचं. लपवून खाऊ घालायचं नाही."

"सांगतो नं. आपलेच लोक हायेत."

मी बसलो अंगणात. एकेक पुडा फोडून परातीत ओतला, उन्हात पसरला, बोटं फिरवली. रव्याचे दाणे एकमेकांना चिकटून लोंबायला लागले की समजायचं जाळी धरली. मूठभर हातावर घेऊन तोंडाची वाफ द्यायची आणि लगेच वास घ्यायचा, कुबट असेल तर ऊब लागली की लपत नाही. मग चिमूटभर कोरडा भाजून चावायचा. कडवट लागला की संपलं. भिंतीला लागून जे खोके होते त्यांना ओल लागली होती, तो रवा मी बाजूला काढून खड्ड्यात घातला. बाकीचा अव्वल निघाला. कल्पना आणि तिच्या मैत्रिणींनी तो चाळून, पुन्हा त्याच पुड्यांत भरून ठेवला. गावात सगळ्यांना माहीत झालं आणि लोक गुलाबरावांना चिडवायला लागले, "काय सेठ, आमाले डेट बार शिरा अन् वऱ्हाडींले गुलाबजाम?"

हो, नवरदेवाकडच्यांना गुलाबजाम होते. आणि त्यांचा खवाही नवरदेवाच्या मामांनीच आणायचा होता. मामा मोठ्या थाटाचे. बोलणी झाली तेव्हाच त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "गोड आमच्याकडून! असा खवा आणतो की गाव नाव काढीन!"

लग्नाच्या सकाळी मी आणि मोतीराम पोचलो तेव्हा मांडवात सनई लागली होती आणि ऊन आत्ताच डोक्यात जात होतं. मागच्या अंगणात आचारी भट्टीपुढे बसला होता. मामांचा खवा नुकताच उतरवला होता. तो आदल्या दिवशी मामांच्या लांबच्या गावाहून निघाला, मग रेल्वेत, मग एसटीच्या टपावर, मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या पिंपात, झाकण घट्ट लावून. आचाऱ्यानं झाकण काढलं. मी दहा हात लांब होतो, मला तिथेच वास आला. मोतीराम नेहमी म्हणायचा, बशीरभाईच्या नाकाले सुट्टी नसते.

जवळ गेलो. वरून खवा पांढरा, देखणा. अंगठा घातला आणि काढला तर बोटाला बारीक तार सुटली. आंबूस वास. मी आचाऱ्याला म्हटलं, "याला हात लावू नको."

आचारी म्हणाला, "काहून? तळला की सगळं मरते भाऊ. अन् वरून पाक!"

धंद्यातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच. तळल्यावर किडा मरतो, पण त्यानं आधीच जे विष सोडलेलं असतं ते कढईत मरत नाही. माणसं पाकाच्या गोडीत चार गुलाबजाम खातात आणि दुपार उलटायच्या आत शेताकडे धावतात. मी लग्नाच्या अशा पंगती पाहिल्या आहेत. लेकरं आणि म्हातारी माणसं त्यातून उठतातच असं नाही.

गुलाबरावांना बाजूला घेऊन सांगितलं. माणूस पांढरा पडला. "बशीरभाई, थो मामाचा खवा हाये. वापस केला तं मामा वऱ्हाड घेऊन वापस जाईन. माह्या पोरीच्या अंगाले हळद लागली हाये." मग हात जोडून म्हणाले, "तुमच्या पाया पडतो, आजच्या दिवस नाक बंद ठेवा."

मी म्हटलं, "गुलाबराव, मी नाक बंद ठेवतो. पण त्या सगळ्यांची पोटं कोण बंद ठेवील?"

 मला खरं तर काय करावं ते सुचत नव्हतं. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि मी पडलो डेट बारवाला. पण खवा चुलीवर जाऊ द्यायचा नाही एवढं नक्की होतं. मग मी मामांकडे न जाता, शाळेत जिथे वऱ्हाड उतरलं होतं, तिथे गेलो आणि नवरदेवाच्या आईला गाठलं. गोदाबाई त्यांचं नाव. उंच, सावळ्या, कपाळाला भलं मोठं कुंकू, बशीत चहा ओतून पीत होत्या. मामा म्हणजे त्यांचे सख्खे मोठे भाऊ. मी हळूच म्हटलं, "ताई, जरा स्वयंपाकाकडे येता का? तुमच्याच माणसांच्या जिवाचं काम आहे." त्यांनी माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं, बशी ठेवली आणि उठल्या.

त्यांनी पिंपावर तोंड नेलं. श्वास घेतला.  तेवढ्यात कोणीतरी चहाडी केली असावी, मामा तरातरा आले.

"काय चालून रायलं इथं? काल काढलेला खवा हाये थो! ताजा!"

"मामासाहेब, वास घ्या," मी म्हटलं.

मामांनी वास घेतला. "काय झालं त्याले? मस्त तं हाये!" आणि मग त्यांची नजर चुलीजवळच्या रव्याच्या पुड्यांच्या ढिगावर गेली. एक पुडा उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला, बोटावर महिने मोजले आणि असे ओरडले की मांडवातली सनई थांबली.

"गोदे, पाय! डेट गेलेला रवा हाये हा! आपला ताजा खवा खराब अन् यांचा डेट बार रवा चांगला! हे काय आपल्याले इथं जनावरं समजून रायले का?"

आचाऱ्याचा झारा कढईत तसाच राहिला. गुलाबरावांनी जोडलेले हात सुटेनात. स्वयंपाकघराच्या दारात कल्पना उभी होती, हळदीच्या पिवळ्या लुगड्यात, आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं.  मला वाटलं, बशीर, तुझ्या या नाकापायी एका पोरीचं लग्न मोडलं.

पण बोलायला तर पाहिजेच होतं. मी म्हटलं, "मामासाहेब, खव्यात ओल असते आणि रव्यात नसते. जिथे ओल आणि ऊन, तिथे खराबी एका दिवसात. रवा कोरडा आहे, त्याची तारीख चवीची आहे. एकेक पुडा मी स्वतः पाहिला आहे. आणि हा तुमच्यासाठी नव्हताच, गावच्या लोकांना सांगून त्यांच्यासाठी ठेवला होता."

मामा माझ्यावर धावून येणार तेवढ्यात गोदाबाईंनी हात आडवा केला. मला विचारलं, "तुमी कोन?"

"मी डेट बारवाला, ताई. अकोल्याचा."

"तुमच्या घरी असा माल खाता का?"

"ताई, माझ्या पोरांनी ताजं कधी पाहिलंच नाही," मी म्हणून गेलो. म्हणायचं होतं ऐटीत, पण निघालं तसं नाही. तोंडातून बाहेर पडल्यावर ते माझं मलाच लागलं.

गोदाबाईंनी आडवा धरलेला हात खाली घेतला. "कसे हायेत पोट्टे?"

"एक नंबर. पोरगी तर मला उचलून आपटेल."

"मंग बसा. पयले तुमी खा."

आचाऱ्यानं लहान कढईत शिरा केला. तुपात रवा परतल्याचा खमंग वास सुटला आणि अंगणातली माणसं नकळत दोन पावलं पुढे सरकली. मी पाटावर बसलो. एवढ्या लोकांनी माझ्या तोंडाकडे पाहत राहावं आणि मी शिरा खावा, असं आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही.  पानातलं संपवलं. मग गोदाबाई पुढे झाल्या, कढईतला थोडा शिरा तळहातावर घेतला, फुंकर घातली आणि खाल्ला. सगळं अंगण त्यांच्या जबड्याकडे पाहत होतं.

"साखर कमी हाये," त्या म्हणाल्या. "टाका अजून."

झाला निकाल! आचाऱ्यानं मोठी कढई चढवली. गुलाबराव साखर आणायला स्वतःच धावले. आता राहिले मामा. गोदाबाई त्यांच्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दादा, तुह्या नाकात रातदिवस तपकीर. तुले गोठ्यात उभं केलं तरी वास येनार नाई. चूप राय." आणि मग मोठ्यानं, मांडवातल्यांना ऐकू जाईल असं, "मामानं लय चांगला खवा आनला होता वं माय, पण कुत्र्यानं तोंड घातलं! आता सगळ्यांले शिराच!"

अंगणात एक कुत्रं नव्हतं. पण त्या दिवशी गावातल्या कुत्र्यांची जी बदनामी झाली ती त्यांनी मुकाट्यानं सोसली. मामांची इज्जत राहिली, वऱ्हाड राहिलं, लग्न राहिलं. मी आणि मोतीरामनं खवा मागच्या बाजूला खोल खड्डा करून पुरला आणि वर राख टाकली, म्हणजे खऱ्या कुत्र्यांनी उकरू नये.

पंगती उठल्या. नवरदेवाकडचे आणि गावचे, सगळे एकाच कढईतला शिरा जेवले. मामांनी दोनदा मागून घेतला. मी काही पाहत नव्हतो, मोतीरामनं सांगितलं. मी वरवर हसत होतो, पण संध्याकाळपर्यंत कोणी पोटाला हात लावला तरी मी वळून त्याच्याकडे पाहायचो. एक म्हातारा पोट धरून बसला तेव्हा तर मी धावलोच. तो म्हणाला, "काई नाई बापा, जास्त झालं."

पाठवणीची वेळ झाली. मुलीबरोबर शिदोरी द्यायची असते. गुलाबरावांनी अमरावतीहून मिठाईचा छापील, चकचकीत खोका आणून ठेवला होता, तारीख अगदी पुढची. गोदाबाईंनी तो पाहिला आणि बाजूला सारला.

"हे काहून? त्या रव्याचे लाडू नाई केले?"

गुलाबराव चाचरले. "विहीनबाई, थो रवा... आता तुमच्या घरी कसा..."

"विकतचं आमच्याकडं बी भेटते. पोरीच्या मायच्या हातचं भेटत नाई," गोदाबाई म्हणाल्या. "करा. आमी थांबतो."

आणि वऱ्हाड खरंच थांबलं. सुमनबाईंनी डोळे पुसत पुसत उरलेल्या रव्याचे लाडू वळले. भरायला डबा शोधला तर हाताला आला तो तोच, कुरड्यांचा, वनस्पती तुपाचा, माझ्या लग्नाच्या आधीच्या तारखेचा. गोदाबाईंनी तो फिरवून वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अन् ही कोनती तारीख, भाऊ?"

"ती डब्याची आहे, ताई," मी म्हटलं. मग त्या पहिल्यांदा हसल्या.

इकडे वऱ्हाडात कोणाचा डबा रिकामा वापस देत नाहीत. त्या साली दिवाळीच्या आधी मी माल आणायला चांदूर रेल्वेला गेलो, तर तिथल्या दुकानाशी कल्पना माझी वाट पाहत उभी. अंगानं भरली होती, हातात तोच डबा. "काका, सासूबाईंनी दिला. म्हनल्या, मायच्या घरचा डबा मायले मंग देऊ, पयले डेट बारवाल्या भाऊच्या पोट्ट्यांले दे. नवा रवा, घरचं तूप. काल केले."

डबा मी मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत आलो. मोतीराम म्हणाला, मागे ठेवा. ठेवला नाही.

घरी पोरं गोळा झाली. झाकण उघडलं तर लाडवांचा असा वास सुटला की रुकय्या चुलीवरून उठून आली. माझी मुलगी शबाना, मला उचलून आपटणारी, तिनं डब्यावरची तारीख वाचली. मग सवयीनं एक लाडू उचलला, नाकाला लावला आणि गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. पुन्हा वास घेतला. "अब्बा, याला तो वास नाही येत," ती म्हणाली. "खराब आहे का?"

जुना वास नसला की माल खराब, असं माझ्या लेकराला वाटत होतं. मी आख्ख्या दोन जिल्ह्यांना काय खावं ते सांगत फिरलो होतो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"सूंघ मत बेटा," मी म्हटलं. "ताजा है. खा ले."

तरी तिनं एकदा हुंगलाच. मग खाल्ला.